फेसबुक-गूगलच्या डॅशबोर्डवर दिसणारी ‘जाहिरातीतून झालेली विक्री’ खरी मानावी का?

नाही, तो आकडा जसाच्या तसा खरा मानू नये, कारण जाहिरात दिसली नसती तरी ज्यांनी खरेदी केलीच असती असे ग्राहकही त्यात मोजलेले असतात. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीने २०१२ साली केलेल्या प्रयोगांतून मिळतो, ज्यांचा अभ्यास टॉम ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कंपनीने स्वतःच्या नावावरील शोध-जाहिराती, म्हणजे कोणी ‘ईबे’ असे शोधल्यावर दिसणाऱ्या जाहिराती, बंद केल्या, तेव्हा त्यांवरून येणाऱ्यांपैकी सुमारे ९९.५ टक्के लोक शोध-निकालांतील विनामूल्य दुव्यावरून आलेच. पुढे अमेरिकेच्या काही भागांत इतर शब्दांवरील गूगल जाहिरातीही थांबवल्या, तरी एकूण विक्रीत जाणवण्याजोगी घट झाली नाही. जो जाहिरातीची जागा विकतो, त्यानेच तिचा परिणामही मोजून द्यावा, ही व्यवस्था मला मुळातच धोक्याची वाटते.

मात्र त्याच अभ्यासात नव्या आणि क्वचित खरेदी करणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला होता. त्यामुळे ज्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नाही अशा लहान व्यवसायाने ईबेचा निष्कर्ष थेट स्वतःला लावू नये. विक्री अनेक जिल्ह्यांत होत असेल, तर त्यांपैकी निम्म्या जिल्ह्यांत महिनाभर जाहिरात बंद ठेवावी, उरलेल्यांत चालू ठेवावी आणि तुलना डॅशबोर्डवरील आकड्यांची न करता वहीतल्या एकूण विक्रीची करावी.