बेटांवरच्या मिशनकार्याला विमान दिलं की काम चालू राहतं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या मंडळीत मायक्रोनेशियातल्या मिशनकार्याला छोटं विमान घेऊन द्यायला वर्गणी जमतेय. तर एकदा विमान दिलं की पुढचं आपोआप चालतं का, आणि त्यापेक्षा बोट स्वस्त नाही का?

आधी माझ्याबद्दल एवढंच, की पॅसिफिकमधल्याच पण दुसऱ्या एका बेटसमूहात मी चार वर्षं अशा विमानसेवेच्या हँगरमध्ये मेकॅनिक होतो. वैमानिक नव्हतो. त्यामुळे निळ्या खाडीचे फोटो माझ्याकडे फारसे नाहीत, गंजाचे भरपूर आहेत.

बोट स्वस्तच आहे. सिमेंट, पत्रे, तांदळाची पोती बोटीनेच जातात आणि जावीत. पण मायक्रोनेशियातल्या याप या मुख्य बेटापासून उलिथी हे बेट सुमारे १९० किलोमीटर आणि वोलेआई सुमारे ६८० किलोमीटर. बाहेरच्या बेटांना सरकारी बोटीची फेरी होते ती काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. उलिथीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, तिथे ब्रिटन-नॉर्मन आयलंडरसारखं नऊ प्रवाशांचं विमान पाऊण तासात पोचतं. अडलेल्या बाळंतिणीला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

खरं तर विमानाचं हे प्रकरण सुरूही रुग्णापासूनच झालं. जर्मन धर्मगुरू पॉल शुल्टे यांचे मित्र आफ्रिकेत आजारी पडले, वेळेत दवाखान्यात पोचवता आलं नाही म्हणून गेले. त्यानंतर १९२७ मध्ये शुल्टेंनी मिशनऱ्यांना मोटारी, बोटी, विमानं पुरवायला ‘मिवा’ ही संस्था काढली. मिशन एव्हिएशन फेलोशिप ही महायुद्धातल्या वैमानिकांची संस्था १९४५ ची. न्यू गिनीत त्यांनी १९५१ मध्ये काम सुरू केलं आणि त्याच वर्षी तिथला पहिला वैमानिक, हॅरी हार्टविग, विमानासकट गेला. तरी काम पुढे चाललं. तुम्ही म्हणता त्या मायक्रोनेशियात एडमंड कालाऊ या जर्मन मिशनऱ्यांनी १९७० च्या दशकात पॅसिफिक मिशनरी एव्हिएशन उभी केली.

वर्गणीची कल्पनाही नवी नाही. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी मायक्रोनेशियातल्याच पोनपे आणि कोसराय या बेटांवर उतरले आणि चारच वर्षांनी त्यांच्यासाठी ‘मॉर्निंग स्टार’ हे जहाज बांधलं गेलं. अमेरिकेतल्या संडे स्कूलच्या मुलांनी दहा-दहा सेंटचे शेअर घेऊन त्याचे पैसे उभे केले होते. गोड गोष्ट आहे, पण पुढचं कोणी सांगत नाही: त्याच नावाची जहाजं नंतर एकामागून एक बांधावी लागली. समुद्र वाहन खातो. विमान तर जरा लवकरच खातो.

कसं, ते सांगतो. तिकडे प्रवासी येतात ते माशांनी भरलेली बर्फपेटी घेऊनच. पेटीचं झाकण नीट बसलेलं नसतं. खारं पाणी झिरपून विमानाच्या तळात उतरतं आणि वरून काहीच दिसत नाही. सहा महिन्यांनी तपासणीला तळाच्या फळ्या उचलल्या, की खाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. बोटाने पुसली तर पत्र्याला खळगे. रिव्हेट काढा, पत्रा कापा, ठिगळ लावा; चार दिवस विमान जमिनीवर. पेटीखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवायचा नियम आम्ही केला. पाळकसाहेबांची पेटी असली की तो मोडायचा, कारण त्यांना सांगणार कोण!

शिवाय रोज संध्याकाळी विमान गोड्या पाण्याने धुवायचं. गोडं पाणी म्हणजे छपरावरून टाकीत साठलेला पाऊस, आणि तीच टाकी आजूबाजूच्या घरांची. पाऊस लांबला की हँगरच्या दारात बादल्या घेऊन बायका उभ्या आणि मी नळी धरून विमानाला आंघोळ घालतोय, असं चित्र. शेवटी चार बादल्यांवर तडजोड झाली. त्यात चाकांचे पाय, फ्लॅपच्या, म्हणजे पंखामागच्या झडपांच्या, बिजागऱ्या आणि इंजिनाची तोंडं एवढंच धुवायचं. धावपट्टीवरची कोरलची खडी उडून पंख्याच्या पात्यांना टोचे पडतात, ते कानशीने घासून गुळगुळीत करायचे. टोचा तसाच राहिला तर तिथून तडा जातो.

इंधनाची कथा वेगळीच. पिस्टन इंजिनाच्या विमानाला निळसर रंगाचं विमान-पेट्रोल लागतं, ॲव्हगॅस. मोठी जेट विमानं ते वापरत नाहीत, त्यामुळे छोट्या बेटांवर ते फक्त आपल्यासाठी आणावं लागतं, तेही २०० लिटरच्या ड्रमांतून, बोटीने. आयलंडरची दोन इंजिनं मिळून ताशी शंभरेक लिटर पितात. म्हणजे एक ड्रम जेमतेम दोन तास. ड्रम आडवे ठेवायचे, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे, म्हणजे बूच आतून इंधनाखाली राहतं, हवा ओढत नाही, आणि पावसाचं पाणीही त्याच्यावर साचत नाही. भरताना गाळणी लावायचीच, आणि पाणी ओळखणारी पेस्ट काठीला लावून तळ तपासायचा. एक पेलाभर पाणी टाकीत गेलं तर खाली उतरायला रस्ता नाही, समुद्र आहे. कोडियाक किंवा कॅरव्हॅनसारखी टर्बाइन विमानं जेटच्याच इंधनावर चालतात, म्हणून बऱ्याच संस्था तिकडे वळल्या. पोनपे, कोसरायला युनायटेड एअरलाइन्सचं ‘आयलंड हॉपर’ हे बेटाबेटांवर थांबत जाणारं जेट उतरतं, तिथे ते इंधन असतंच. पण असं विमान पिस्टनवाल्यापेक्षा कितीतरी महाग. तुमची वर्गणी कुठवर पोचेल ते तुम्हीच बघा.

पैशांचं गणित साधं आणि निर्दयी आहे. तिकिटाचे पैसे येतात, रुग्ण हलवल्याचे कधी सरकारकडून येतात, उरलेलं देणगीदार भरतात. वैमानिक आणि मेकॅनिक बहुतेक मिशनमध्ये आपला महिन्याचा निर्वाह मायदेशातल्या मंडळ्यांकडून स्वतःच जमवतात. निघण्याआधी वर्ष-दोन वर्षं त्यातच जातात. या सगळ्यात एक खातं असं असतं ज्याला हात लावायचा नाही: इंजिनाचं. आयलंडरच्या लायकमिंग इंजिनाला साधारण २,००० तासांनी पूर्ण खोलून बांधणी लागते, म्हणून प्रत्येक उड्डाणतासामागे ठरलेली रक्कम बाजूला पडली पाहिजे. आमच्याकडे एका वर्षी ती रक्कम पाहुणेघराच्या छपराला गेली. हेतू चांगला होता. पुढे डाव्या इंजिनाचे तास भरले, बांधणीला पैसे नव्हते, आणि विमान आठ महिने हँगरात उभं राहिलं. दारावर देणगीदार मंडळीच्या नावाची पितळी पाटी होती, ती मी दर आठवड्याला पुसायचो, कारण दुसरं काम नव्हतं.

या आठ महिन्यांत एक गोष्ट मात्र कळली. बेटांवरच्या उपासना थांबल्या नाहीत. थांबणारच नव्हत्या, तिथले लोक कितीतरी पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत, पाळक त्यांचेच. सुवार्ता पोचवायला विमान लागतं हा आपल्याकडचा गैरसमज. थांबलं ते वेगळंच: पाळकाच्या मुलीचे उपचार, औषधांची खोकी, शिक्षकांची ये-जा, वर्षातून दोनदा होणारं पाळकांचं शिबिर. रेडिओवर रोज सकाळी एक म्हातारे पाळक विचारायचे, “आज?” आणि मी म्हणायचो, “आज नाही.” तरी त्यांनी धावपट्टीवरचं गवत कापणं सोडलं नाही. दर शनिवारी गावातली पोरं कोयते घेऊन यायची, टोकाच्या माडांची नवी झावळी उतरवायची. ते त्यांनी केलं नसतं, तर इंजिन आल्यावरही आम्ही उतरलो नसतो.

तेव्हा तुमच्या मंडळीने विमान घेऊन देऊ नये असं माझं मत आहे. जी सेवा आधीच चालू आहे तिला विचारा: इंजिनाच्या खात्यात आज किती रक्कम आहे, ड्रम किती शिल्लक आहेत, स्थानिक पोरांपैकी किती जण मेकॅनिकचं काम शिकताहेत. परदेशी मेकॅनिक मुलांच्या शाळेसाठी कधीतरी परततोच, मीही त्याच कारणाने परतलो. पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळालं तर पैसे त्याच खात्यात भरा, आणि दर वर्षी भरा. पाटीवर नाव लागणार नाही, हे तेवढं वर्गणी देणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.