स्वतःच्या जमिनीवर नियंत्रित आग लावायला परवानगी लागते का?

तुम्ही अमेरिकेतल्या फ्लोरिडाबद्दल विचारलंय. नियंत्रित आग म्हणजे सुकं गवत-झुडपं ठरवून, ताब्यात ठेवून जाळणं. हो, त्याला परवानगी लागते. जमीन तुमची असली तरी धूर आणि ठिणग्या कुंपण पाळत नाहीत. आधी राज्याच्या वनसेवेची मंजुरी घ्यायची. प्रमाणित बर्न मॅनेजर, म्हणजे अशी आग लावण्याचं अधिकृत प्रमाणपत्र असलेली व्यक्ती, यांच्यामार्फत काम केलं तर कायद्याचं मोठं संरक्षण मिळतं: आग पसरली किंवा धुराने नुकसान झालं, तरी घोर निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाईची जबाबदारी येत नाही. पण त्यासाठी लेखी योजना, आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे केलेले पुरेसे पट्टे, माणसं आणि साधनं हवीत. शिवाय पहिली काडी पेटल्यापासून काम संपेपर्यंत मॅनेजर ती योजना हातात घेऊन तिथेच हजर पाहिजे. मला हीच अट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियातही 2022 पासून आग विझवण्याच्या सरकारी खर्चाबाबत अशीच सवलत आहे, अटींसह.