प्रोजेक्टरचं चित्र फिकट आणि एका कडेला अस्पष्ट दिसतंय, सेटिंगमध्ये काय बदलू?

तुम्ही लिहिलंय की नवा प्रोजेक्टर बाजूच्या टेबलावरून तिरका लावलाय, कीस्टोनने (तिरकं पडलेलं चित्र सरळ करणाऱ्या सेटिंगने) चित्र चौकोनी केलंय, तरी उजवीकडची अक्षरं अस्पष्ट आहेत आणि रंग फिकट आहेत. मेनूला शेवटी हात लावा. आधी प्रोजेक्टरची जागा बदला.

उजवी कड बिघडतेय ती तिरकेपणामुळे. पडद्याची एक बाजू लेन्सला जवळ आणि दुसरी लांब असली की दोन्हीकडे एकदम फोकस बसत नाही. कीस्टोनने फक्त आकार सरळ होतो. तोही चित्र आतल्या आत आवळून, म्हणजे काही पिक्सेल वाया जातात आणि बारीक अक्षरं फुटतात. म्हणून कीस्टोन शून्यावर आणा, ऑटो असेल तर बंद करा आणि लेन्स पडद्याच्या डाव्या-उजव्या मध्यासमोर सरळ धरा. बऱ्याच प्रोजेक्टरचं चित्र लेन्सच्या वरच्या अंगाला पडतं, त्यामुळे टेबलावर ठेवताना लेन्स पडद्याच्या खालच्या कडेच्या आसपास यायला हवी. लेन्स शिफ्ट, म्हणजे लेन्सनेच चित्र वर-खाली किंवा बाजूला सरकवायची सोय, असेल तर बिनधास्त वापरा, त्यात पिक्सेल जात नाहीत.

किती लांब ठेवायचा? मॅन्युअलमधला थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) गुणिले चित्राची रुंदी. 100 इंची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत) 16:9 चित्र साधारण 221 सेंटीमीटर रुंद असतं. रेशो 1.5 असेल तर अंतर झालं सुमारे 3.3 मीटर. चित्र उगाच मोठं करू नका, रुंदी दुप्पट केली की तेवढाच प्रकाश चौपट जागेवर पसरतो.

आता फिकटपणा. प्रोजेक्टर बंद करून, खोलीतला उजेड तसाच ठेवून पडद्याकडे बघा. जो रंग दिसतोय त्याहून गडद काळा तुम्हाला कधीच मिळणार नाही, कारण प्रोजेक्टर प्रकाश टाकू शकतो, काळोख नाही. त्यामुळे दिवे घालवणं आणि खिडक्या झाकणं याने जो फरक पडतो, तो कुठल्याही सेटिंगने पडत नाही. पांढऱ्या छतावरून परतणारा उजेडसुद्धा काळा रंग खराब करतो.

एवढं झालं की मेनू. डायनॅमिक मोड सोडा, त्यात चित्र उजळ दिसतं पण बहुतेक वेळा हिरवट होतं. सिनेमा किंवा मूव्ही मोड घ्या, दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते. मग रात्रीचं एखादं दृश्य थांबवा, ज्यात कोणी काळा कोट घातलाय. कोटाच्या चुण्या जेमतेम दिसतील एवढाच ब्राइटनेस ठेवा. त्याहून वाढवलात तर कोट राखाडी होतो. कॉन्ट्रास्टसाठी हेच पांढऱ्या शर्टवर करा: चुण्या पुसल्या गेल्या की एक-दोन पायऱ्या मागे या. शार्पनेस जवळजवळ शून्यावर, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते.

फोकस शेवटचा लावायचा तो प्रोजेक्टर पंधरा-वीस मिनिटं चालून तापल्यावर, कारण लेन्स तापली की तो थोडा सरकतो.

लॅपटॉप जोडत असाल तर रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या नेटिव्ह रिझोल्यूशनइतकंच, म्हणजे त्याच्यात खरोखर जेवढे पिक्सेल आहेत तेवढंच, ठेवा. खोक्यावर ‘1080p सपोर्ट’ लिहिलेलं असलं तरी नेटिव्ह त्याहून कमी असू शकतं. आणि अंधार करूनही काळा राखाडीच राहिला, तर एचडीएमआय रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा कोणत्या आकड्यांत पाठवल्या जातात, ते तपासा. लॅपटॉप लिमिटेड, म्हणजे 16 ते 235 पाठवतोय आणि प्रोजेक्टर फुल, म्हणजे 0 ते 255 धरून चाललाय, असं असलं की नेमकं हेच होतं. दोन्हीकडे एकच पर्याय निवडा.