मेंदूच्या एमआरआयमधले पांढरे डाग: वाचकांच्या शंका

प्रश्न: माझे वय ६४ आहे. चक्कर येते म्हणून एमआरआय काढला, तर रिपोर्टमध्ये ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास १’ असे आले. मला पक्षाघात होऊन गेला आहे का?

उत्तर: एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती वयोमानाने आणि उच्च रक्तदाबामुळे जाड व ताठर होतात आणि त्याची खूण म्हणून ‘फ्लेअर’ प्रकारच्या चित्रात पांढरे ठिपके दिसतात. फाझेकास ही हे डाग किती आहेत ते सांगणारी, १९८७ पासूनची ० ते ३ अशी मोजपट्टी आहे. त्यातला १ हा आकडा साठीनंतर अनेकांच्या रिपोर्टमध्ये असतो. चक्करेचे खापर या ठिपक्यांवर फोडण्याआधी कान आणि उभे राहतानाचा रक्तदाब तपासून घ्यावा. रक्तदाब वाढलेला असेल, तर तो आटोक्यात ठेवल्याने डागांची वाढ मंदावते, हे अमेरिकेतल्या स्प्रिंट अभ्यासाच्या २०१९ च्या निष्कर्षांत दिसले आहे.

प्रश्न: माझ्या ४४ वर्षांच्या भावाला तरुणपणापासून अर्धशिशी आहे आणि गेल्या वर्षी पक्षाघात झाला. त्याला रक्तदाब, मधुमेह काहीही नाही. वडिलांचेही पन्नाशीत असेच झाले होते. डॉक्टरांना ‘कॅडासिल’चा संशय आहे. तो चित्रावरून कसा ओळखतात?

उत्तर: कॅडासिल हा १९ व्या गुणसूत्रावरील नॉच-३ या जनुकातील दोषामुळे होणारा, मेंदूच्या बारीक धमन्यांचा आनुवंशिक विकार असून, हे जनुक १९९६ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी शोधून काढले. रक्तदाबाने पडलेला डाग आणि कॅडासिलचा डाग सुटा पाहिला तर वेगळा ओळखता येत नाही, म्हणून डाग कुठे आहे हे पाहावे लागते. अशी फिल्म हाती आली की मी आधी डोळ्यांचे गोल दिसतात त्या पातळीवरचे काप पाहतो. तिथे, कवटीच्या तळाशी दोन्ही बाजूंना, शंखखंडाची, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाची, पुढची टोके असतात. रक्तदाबाच्या रुग्णात ती सहसा स्वच्छ राहतात. कॅडासिलमध्ये मात्र पुष्कळदा दोन्हीकडे पांढरी झालेली दिसतात, आणि तीही कमी वयात. अर्थात टोके स्वच्छ आहेत म्हणून आजार नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये; तैवानमध्ये वारंवार आढळणाऱ्या एका जनुकदोषात ती बऱ्याचदा वाचलेली असतात.

पांढऱ्या भागाच्या विस्तारापेक्षाही ‘लॅक्यून’ला, म्हणजे ३ ते १५ मिलिमीटरच्या, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांना, मी अधिक महत्त्व देतो, कारण विचारांचा वेग मंदावण्याशी या पोकळ्यांची संख्या आणि मेंदूचे आकसणे यांचा संबंध जास्त जवळचा आहे. अंतिम निदान मात्र जनुक तपासणीनेच करावे.

प्रश्न: मी याच भावाची ३१ वर्षांची बहीण. मला काही त्रास नाही. खात्री म्हणून एमआरआय काढून घेऊ का?

उत्तर: घाई करू नका, असे मी कळकळीने सांगेन. भावाचे निदान पक्के झाले, तर तोच दोष तुमच्यात असण्याची शक्यता ५० टक्के आहे. आणि ज्यांच्यात तो असतो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या एमआरआयवर पस्तिशीपर्यंत डाग दिसू लागतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत एमआरआय ही एका अर्थाने मागच्या दाराने केलेली जनुक तपासणीच ठरते. मूळ दोष दूर करणारे औषध आज नाही. म्हणून आधी आनुवंशिकता समुपदेशकाला भेटा, नोकरी, लग्न, मुले या सगळ्याचा विचार करा, आणि मग जाणून घ्यायचे की नाही ते तुम्हीच ठरवा. एकाच घरातही आजाराची तीव्रता सारखी नसते; धूम्रपानापासून दूर राहणे आणि रक्तदाब सांभाळणे तपासणी न करताही सुरू करता येते.

प्रश्न: एमआरआय परवडत नाही. सीटी स्कॅनवर भागेल का?

उत्तर: पक्षाघाताच्या पहिल्या तासांत रक्तस्राव आहे का, हे पाहायला सीटी पुरेसा आहे. कॅडासिलच्या निदानाला मात्र तो अपुरा पडतो: सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके त्यावर दिसतच नाहीत आणि शंखखंडाची टोके हाडाच्या सावटाखाली झाकली जातात. एमआरआय एकदाच काढणार असाल, तर त्यात हे काळे ठिपके दाखवणारी ‘एसडब्ल्यूआय’ प्रकारची चित्रे घेणार का, हे आधी विचारा आणि फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. पाच वर्षांनी तुलना करायची वेळ आली की तीच उपयोगी पडते.