साधा इफ आणि टक्क्याचा इफ

प्रश्न : सॅस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये मी रुग्णांच्या नोंदींची वयानुसार विभागणी करतो. वयोमर्यादा एकाच ठिकाणी बदलता यावी म्हणून ‘%लेट सीमा=18;’ असे मॅक्रो व्हेरिएबल (मजकूर साठवणारे नाव) केले आणि मॅक्रोतील डेटा स्टेपमध्ये, म्हणजे नोंदी एकेक करून वाचणाऱ्या भागात, ‘%इफ एज < &सीमा %देन’ अशी अट घातली. लॉगमध्ये एकही एरर नाही, तरीही सात वर्षांचे मूलसुद्धा प्रौढांच्या गटात जाते. असे का होते?

उत्तर : आपली मर्यादा बरोबर आहे, घोळ आहे तो ‘इफ’च्या आधीच्या टक्क्याच्या चिन्हाचा. डेटा स्टेप कंपाइल होण्यापूर्वीच मॅक्रो प्रोसेसर, म्हणजे टक्क्याची विधाने सोडवून प्रोग्रामचा मजकूर तयार करणारा भाग, आपले काम उरकतो आणि त्या वेळी रुग्णांची एकही नोंद वाचलेली नसते. त्याच्या लेखी ‘एज’ हे स्तंभाचे नाव नसून तीन रोमन अक्षरांचा निव्वळ मजकूर असतो. तो मजकूर प्रोसेसर ‘18’शी वर्णक्रमाने ताडून पाहतो, विंडोज आणि युनिक्सवर त्या क्रमात अंक अक्षरांच्या आधी येत असल्यामुळे अट खोटी ठरते, तीही एकदाच, आणि डेटा स्टेपमध्ये केवळ प्रौढ ठरवणारे विधान उरते. (मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर क्रम उलटा असतो, तिथे आपल्या यादीतले आजोबाही बालगटात गेले असते.)

‘इफ एज < &सीमा देन’ असे लिहा. &सीमाच्या जागी 18 चिकटवले जाईल आणि तुलना प्रत्येक नोंदीसाठी होईल. मात्र वयाची जागा रिकामी असेल, तर सॅस ती कोणत्याही संख्येपेक्षा लहान मानते, म्हणून अशा नोंदी आधी बाजूला काढा.

टक्क्याचा इफ वापरावा तो एखादा भाग चालवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी. बालरुग्णांची संख्या ‘कॉल सिमपुटएक्स’ने मॅक्रो व्हेरिएबलमध्ये ठेवून, ती शून्य असल्यास अहवालाची प्रोसीजर वगळता येते, परंतु ही अट त्या डेटा स्टेपच्या ‘रन’नंतरच हवी, कारण स्टेप चालेपर्यंत त्या व्हेरिएबलला नवी किंमत मिळत नाही.

पुढे मर्यादा दशांशात आली, तर मात्र सावध राहा. ‘%इफ 37.5 > 100’ ही अट खरी ठरते, कारण टक्क्याचा इफ फक्त पूर्णांक ओळखतो आणि दशांशचिन्ह दिसताच मजकुराची तुलना करतो. अशी तुलना ‘%सिसइव्हॅलएफ’च्या कंसात लिहावी.