एफ भागिले १.८

प्रश्न असा आला आहे : कॅमेऱ्याच्या ‘अपर्चर’ला, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाला, मराठीत काय म्हणावं, आणि रात्रीच्या फोटोंसाठी ‘जास्त अपर्चर’चा फोन घ्यावा का?

‘जास्त अपर्चर’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. परवा मोबाइलच्या दुकानात विक्रेता एका काकूंना छातीठोकपणे सांगत होता, “ह्याचं २.४ आहे, त्याचं नुसतं १.८.” काकूंनी २.४ घेतला. सगळा घोळ उच्चाराचा आहे. लिहिलेलं असतं एफ/१.८, आणि मधली तिरपी रेघ भागाकाराची आहे. शाळेत म्हणायचो तसं म्हणा : एफ भागिले १.८. एफ म्हणजे फोकल लेन्थ, लेन्सपासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे स्पष्ट उमटते तिथपर्यंतचं अंतर. ती ५.४ मिलिमीटर धरली, तर १.८ ने भागून भोक येतं ३ मिलिमीटरचं, ज्वारीच्या बारीक दाण्याएवढं. २.४ ने भागलं तर सव्वादोन, म्हणजे बाजरी. उजेड क्षेत्रफळाच्या हिशेबाने शिरतो, त्यामुळे ज्वारीतून बाजरीच्या पावणेदोनपट येतो. मग शटर कमी वेळ उघडं ठेवून भागतं आणि हात हलून फोटो फराटत नाही. उजेड टिपणारा मागचा सेन्सरही मोठा हवा, पण तो वेगळा विषय.

आता शब्द. परिभाषेची हौस असलेले ‘छिद्र’ सुचवतात. अहो, छिद्रान्वेषी म्हणजे दोष हुडकणारा! लेन्सच्या मर्मस्थानाला दोषाचं नाव द्यायचं? हिंदीतला ‘द्वारक’ कोशातच बरा. तो ऐकून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

माझा शब्द गवाक्ष, म्हणजे झरोका. गो अधिक अक्षि, बैलाचा डोळा. पण ‘अक्षि’चं ‘अक्ष’ का झालं? पाणिनीचं सूत्र आहे, ‘अक्ष्णोऽदर्शनात्’ (५.४.७६) : समासाच्या शेवटी ‘अक्षि’ आला आणि पाहणारा डोळा अभिप्रेत नसला, की त्याचा ‘अक्ष’ होतो. म्हणजे गवाक्ष हा न पाहणारा डोळा. अपर्चर दुसरं काय आहे? पाहतो तो मागचा सेन्सर. हे फक्त उजेड आत सोडतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणात ही व्याख्या तयार बसली आहे, आणि आपण छिद्रं मोजतोय!

गो म्हणजे किरण, म्हणून गवाक्ष म्हणजे ‘किरणांचा डोळा’, असं काही विद्वान रंगवून सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. पाणिनीची सूत्रं उलगडून सांगणारे भट्टोजी दीक्षित ‘गवाम् अक्षीव’ (बैलांच्या डोळ्यासारखं) म्हणतात, त्यातला ‘इव’, म्हणजे ‘सारखं’, नीट वाचा : ही आकाराची उपमा आहे. उपमा द्यायला समोर दिसणारा डोळा लागतो, आणि किरणाला डोळा कोणी पाहिलाय? फ्रेंचांनीसुद्धा गोल खिडकीला ‘बैलाचा डोळा’च म्हटलं, व्हर्सायच्या राजवाड्यात त्या नावाचं दालन आहे. ते काही किरणांचा श्लेष करत नव्हते.

‘एवढ्याशा भोकाला केवढा भारदस्त शब्द’ हा आक्षेप येतोच. पण ‘कॅमेरा’ हा लॅटिन शब्दच मुळी खोलीचा, आणि खोलीला खिडकी लागते. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहा. दर्शनी भिंतीतल्या नालाच्या आकाराच्या कमानीतून उजेड शिरतो आणि खांबांच्या रांगांमधून आत स्तूपापर्यंत पोचतो. त्या कमानीचं नाव चैत्यगवाक्ष.