हायड्रोपोनिक्स (मातीविना शेती) : आधी गिऱ्हाईक, मग शेड

प्रश्न : दहा गुंठ्यांवर पॉलिहाउस आणि लेट्यूससाठी (सॅलडची पालेभाजी) एनएफटी पाइप, म्हणजे मुळांखालून खतपाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवणारे पाइप, असे ४० लाखांचे कोटेशन आले आहे. वर्षाला १८ लाख मिळतील असे सांगतात. कर्ज काढावे का? (शिरूर, जि. पुणे)

उत्तर : १८ लाख हा नफा की उलाढाल, हे आधी लेखी घ्या. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. वाटा, टाकी, रोपवाटिका आणि पॅकिंग वजा जाता लागवडीला ६०० चौ.मी. उरतात. चौ.मी.ला २५ प्रमाणे १५,००० रोपे. पाइपमध्ये ३५ दिवस, मग धुलाई. वर्षाला नऊ पिके, म्हणजे १,३५,००० रोपे. मरतूक सोडून १,२०,००० गड्डे, दीडशे ग्रॅमचा एक, म्हणजे १८ टन. किलोला १०० रुपये धरले की बरोबर १८ लाख. ही उलाढाल झाली.

आता खर्च मांडा. बी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खते मिळून रोपामागे ४ रुपये धरले तर ५.४ लाख, महिना १२,००० ने तीन मजूर, ४.३ लाख, वीज, पॅकिंग, वाहतूक किलोला २० रुपयांनी ३.६ लाख. उरले ४.७ लाख. कर्जाचे व्याज १० टक्क्यांनी ४ लाख, मुद्दल तसेच बाकी. प्लॅस्टिक कागद बदलायचा खर्च यात नाही. तोच माल १५० रुपयांनी गेला तर शिल्लक नऊ लाखांनी वाढते. हे आकडे गृहीत आहेत, तुमच्याकडचे दर घालून पाहा. पण सगळे भावावर आणि रोज ५० किलो उचलणाऱ्या गिऱ्हाइकावर अडते. लेट्यूस दोन दिवस पडून राहिला की संपला. म्हणून आधी ५०० रोपांचा लहान संच लावा, पुण्यातल्या हॉटेलांना माल द्या आणि मे महिन्याचा एक उन्हाळा काढून पाहा. सध्या ४० लाखांचे कर्ज काढू नका, असेच आमचे मत आहे. अनुदान घ्यायचे असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळेपर्यंत खांबही रोवू नका.

प्रश्न : बोअरच्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचे माप) १.१ आणि पीएच ७.८ आहे. चालेल का?

उत्तर : थेट नाही. लेट्यूसला खतासकट ईसी १.२ ते १.८ हवा. तुमच्या पाण्यातल्या क्षारांनीच ती जागा भरली आहे, खत घालायला वाव उरत नाही. बायकार्बोनेटमुळे पीएचही सारखा वर चढतो आणि लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात. आरओ हा एक मार्ग. त्याहून स्वस्त म्हणजे छताचे पाणी : १,००० चौ.मी. छतावर १ मिमी पाऊस म्हणजे १,००० लिटर. शेततळ्यात साठवा, झाकून ठेवा. कॅल्शियम नायट्रेटचे घट्ट द्रावण मात्र वेगळ्या टाकीत. सल्फेट किंवा फॉस्फेटशी एकत्र केले की पांढरा साका बसतो.

प्रश्न : एप्रिलपासून दुपारी रोपे माना टाकतात. पाणी वाहते आहे, खतही वाढवले.

उत्तर : खत वाढवणे थांबवा. मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल निघून आत दोरा राहिला तर पिथियमची मूळकूज आहे. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि ही बुरशी फोफावते. बाधित रोपे काढा, टाकी आणि पाइप रिकामे करून सोडियम हायपोक्लोराइटने धुवा, साध्या पाण्याने खळाळून घ्या. टाकी जमिनीत पुरा किंवा सावलीत घ्या, एअर पंप लावा, पाणी २४ अंशांच्या आत ठेवा. पाइप १२ मीटरहून लांब नको. मीटरला दीड-दोन सेंमी उतार आणि मिनिटाला एक-दोन लिटर पाणी ठेवा. पंपाला इन्व्हर्टर हवाच; उन्हाळ्यात वीज गेली की तासाभरात मुळे सुकू लागतात.